टेबलावरचा दूरध्वनी कोणाचा हुकूम मानतो?

27 जून 2017 रोजी युक्रेनमधून पसरलेल्या नॉटपेट्या नावाच्या संगणकीय आक्रमणाने मर्स्क या डॅनिश जहाजकंपनीचा कारभार जगभर ठप्प केला, आणि त्याच तडाख्यात रायगड जिल्ह्यातील, उरणनजीकच्या न्हावा शेवा बंदरात त्या समूहाच्या ताब्यात असलेल्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या धक्क्याची संगणकव्यवस्थाही बंद पडून तेथे हातानेच काम रेटण्याची पाळी आली. कोपनहेगनच्या मुख्य कचेरीत तर संसर्ग थांबवण्यासाठी सारे जाळेच घाईने तोडावे लागले, आणि त्याबरोबर टेबलांवरचे दूरध्वनीही मुके झाले. संगणक बिघडला तर दूरध्वनी का बंद पडावा, असे ज्यांना वाटते, त्यांच्या मनात या यंत्राविषयी पहिलाच गैरसमज घर करून बसलेला असतो.

अलिबागच्या एखाद्या सरकारी कचेरीत किंवा उरणच्या गोदामात दिसणारा हा दूरध्वनी म्हणजे जुन्या टेलिफोन खात्याच्या काळ्या यंत्राचे सुधारलेले रूप नव्हे. तो ध्वनिग्राहक जोडलेला एक लहानसा संगणक आहे. जाळ्याच्या तारेतूनच त्याला सुमारे 48 व्होल्टची वीज मिळते. वीज मिळताच त्याच्या अंतरंगात कायम कोरलेला आरंभीचा छोटा कार्यक्रम जागा होतो, मुख्य सॉफ्टवेअर तपासून चालू करतो, मग दूरध्वनी ज्या स्विचला तार जोडली आहे त्याच्याकडून आवाजासाठी राखून ठेवलेल्या जाळ्याची माहिती घेतो, मग स्वतःसाठी पत्ता मागतो, आणि त्या पत्त्याबरोबरच आपले दप्तर कोणत्या सर्व्हरवर आहे हेही त्याला कळवले जाते. त्या दप्तरातून तो आपल्या नावाची फाइल आणतो, तीत लिहिलेली सॉफ्टवेअरची आवृत्ती आपल्याजवळच्या आवृत्तीशी ताडून पाहतो, फरक आढळल्यास नवी आवृत्ती उतरवून घेतो, आणि हे सर्व उरकल्यावरच आपला क्रमांक नोंदवून ‘मी हजर आहे’ असे सांगतो. आपण रिसीव्हर उचलण्यापूर्वी इतकी देवघेव होऊन गेलेली असते.

‘सॉफ्टवेअर आपल्याच कचेरीतील सर्व्हरवरून येते, मग भीती कसली?’ हा दुसरा गैरसमज पहिल्याहून घातक आहे. पत्ता मागण्याची हाक जाळ्यावर सर्वांना ऐकू जाते आणि, बंदोबस्त केलेला नसल्यास, कोणतेही उपटसुंभ यंत्र तिला उत्तर देऊन दूरध्वनीला भलत्याच सर्व्हरकडे वळवू शकते. फाइली आणण्यासाठी अनेक ठिकाणी आजही वापरली जाणारी टीएफटीपी ही रीत 1980 च्या दशकाच्या आरंभीची असून तीत ना ओळख पटवण्याची सोय आहे, ना मजकूर झाकण्याची. म्हणून हुकूम कोठून आला यावर विसंबण्यापेक्षा हुकूम अस्सल आहे काय, हेच यंत्राने तपासले पाहिजे. मराठेशाहीतील कागदाच्या अखेरीस मोर्तब उमटवीत, ते त्याखाली कोणी एक ओळही वाढवू नये म्हणून. उत्पादकाची अंकीय स्वाक्षरी तेच काम अधिक कठोरपणे करते. फाइलीत एक अक्षर जरी बदलले तरी स्वाक्षरी जुळत नाही, आणि सुरक्षित दूरध्वनी ती फाइल नाकारून जुन्याच सॉफ्टवेअरवर काम चालू ठेवतो. उत्तम यंत्रात ही तपासणी नवी आवृत्ती घेतानाच नव्हे, तर प्रत्येक आरंभाच्या वेळीही होते, आणि दोष असलेली जुनी आवृत्ती, तिच्यावर खरी स्वाक्षरी असली तरी, पुन्हा बसवू दिली जात नाही.

येथे एक शंका रास्त आहे. नॉटपेट्या शिरला तो एमईडॉक या युक्रेनी हिशेबी सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणाच्या अधिकृत मार्गानेच. विक्रेत्याचे घरच फुटले होते. तेव्हा स्वाक्षरी ही सर्व संकटांवरची मात्रा नव्हे, हे मी निःसंकोच मान्य करतो. किल्ली सांभाळणाऱ्याच्या सावधपणाइतकीच तिची किंमत. परंतु यावरून ‘अद्ययावतीकरण नकोच’ असा निष्कर्ष काढणारे लोक त्या घटनेचा अर्धाच भाग वाचतात. आत शिरल्यावर नॉटपेट्या पसरला तो चोरलेल्या परवलीच्या शब्दांच्या जोरावर, आणि शिवाय विंडोजमधील अशा एका दोषातून, ज्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च 2017 मध्येच देऊन ठेवली होती.

दूरध्वनीच्या बाबतीत तर हयगयीची उदाहरणे अधिक बोलकी आहेत. कोलंबिया विद्यापीठाच्या आंग कुई आणि साल्वाटोर स्टोल्फो यांनी 2012 मध्ये सिस्कोच्या दूरध्वनीतील दोषाचा उपयोग करून, रिसीव्हर जागेवर ठेवलेला असतानाही खोलीतील संभाषण ऐकता येते, हे दाखवून दिले. ऑगस्ट 2019 मध्ये मॅकॅफीच्या संशोधकांनी अवायाच्या दूरध्वनींत एक दोष सापडल्याचे जाहीर केले. तो जाळ्यावर पत्ता मागणाऱ्या कार्यक्रमात होता, आणि मूळ कार्यक्रमात त्याची दुरुस्ती 2009 सालीच झालेली होती. दहा वर्षे ती दुरुस्ती त्या दूरध्वनींपर्यंत पोहोचलीच नव्हती. ज्या यंत्रासमोर आपण गोपनीय गोष्टी बोलतो, त्याविषयी ही बेफिकिरी मला अक्षम्य वाटते.

अद्ययावतीकरण चालू असता वीज गेली तर दूरध्वनी कायमचा निकामी होईल, या भयाने किनारपट्टीवरचे पुष्कळ कारभारी ते काम लांबणीवर टाकतात, आणि 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर कित्येक दिवस अंधारात राहिलेल्या मुलखात हे भय समजण्याजोगे आहे. मात्र पुष्कळ आधुनिक यंत्रांत सॉफ्टवेअरसाठी दोन कप्पे असतात: नवी आवृत्ती रिकाम्या कप्प्यात लिहिली जाते, तपासणी पुरी झाल्यावरच कारभार तिकडे सोपवला जातो, आणि मध्येच वीज गेल्यास जुना कप्पा शाबूत राहतो. ही सोय नसलेल्या यंत्रांसाठी जाळ्याच्या स्विचला भरवशाचा यूपीएस जोडावा, कारण त्याच तारेतून दूरध्वनीलाही वीज मिळते.

खरेदीच्या निविदेत किंमत आणि बटणांची संख्या तपशीलवार लिहिली जाते. तेथेच स्वाक्षरीची तपासणी प्रत्येक आरंभी होते काय, फाइली झाकलेल्या मार्गाने येतात काय, आणि उत्पादक कोणत्या वर्षापर्यंत दुरुस्त्या पुरवण्यास बांधील आहे, ही तीन कलमे लेखी घालावीत. त्या वर्षानंतर यंत्र बोलत राहते, घंटाही वाजते, पण त्याच्यासाठी नवी स्वाक्षरी कोणी करीत नाही.