शार्कच्या भीतीला अभ्यासाचे उत्तर

ज्या प्राण्याची केवळ धास्ती वाटते, त्याच्या रक्षणासाठी सहसा कोणी पुढे येत नाही. शार्कच्या वाट्याला दीर्घकाळ हेच आले. हे चित्र पालटण्यात मोठा वाटा होता तो अमेरिकी सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. युजेनी क्लार्क (१९२२–२०१५) यांचा.

न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या क्लार्क यांच्या आई जपानी वंशाच्या होत्या. शनिवारी आई कामावर असताना ही मुलगी तेथील मत्स्यालयात रमत असे. पुढे न्यूयॉर्क विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून त्यांनी १९५५ मध्ये फ्लोरिडात केप हेझ सागरी प्रयोगशाळा स्थापन केली. आजची मोट सागरी प्रयोगशाळा ती हीच.

शार्क मंदबुद्धी असतो, असा तेव्हा समज होता. पाण्यातील फलक नाकाने दाबला की खाद्य मिळते, हे क्लार्क यांनी लेमन शार्कना शिकवले. हिवाळ्यात प्रयोगात खंड पडला, तरी ते हा धडा विसरले नाहीत. पोहणे थांबले की असे शार्क गुदमरतात, अशीही धारणा होती. मेक्सिकोतील इस्ला मुहेरेस बेटाजवळच्या गुहांत मात्र त्यांना तळाशी निश्चल पडलेले शार्क आढळले. ते तोंडाने पाणी ओढून कल्ल्यांवरून खेळवत होते. तांबड्या समुद्रातील मोझेस सोल हा चपटा मासा दुधाळ स्राव सोडून शार्कला परतवतो, हेही त्यांनी दाखवून दिले.

१९७५ मध्ये ‘जॉज’ चित्रपट आला आणि शार्कची दहशत घरोघरी पोहोचली. क्लार्क यांनी व्याख्याने आणि लेखांतून वस्तुस्थिती मांडली : शार्कचे माणसावरील हल्ले विरळ असतात, खरा धोका माणसापासून शार्कला आहे. अनेक प्रजाती उशिरा वयात येतात आणि मोजकीच पिल्ले देतात. त्यामुळे बेसुमार मासेमारीने घटलेली संख्या सावरायला दशके लागतात. अधिवास वाचवण्याचा आग्रहही त्यांनी धरला. इजिप्तमधील रास मोहम्मद १९८३ मध्ये त्या देशाचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले, त्यामागे त्यांचेही प्रयत्न होते.

नव्वदी ओलांडल्यावरही त्या पाण्यात उतरत होत्या. २०१८ मध्ये मेक्सिकोच्या आखातातील खोल पाण्यातल्या एका शार्कला ‘स्क्वॅलस क्लार्के’ हे शास्त्रीय नाव देण्यात आले. संरक्षणाचे कायदे पुढे होत गेले. पण असे कायदे टिकतात ते लोकांच्या मनातली भीती ओसरल्यावरच, आणि क्लार्क यांनी आयुष्यभर केले ते हेच काम.