मतदान चालू असतांना निकाल

घरांत एखाद्या प्रश्नावर सर्वांचें मत घ्यावयाचें असलें, तर शहाणा कर्ता पुरुष आपलें मत शेवटीं सांगतो. वडिलांचा कल एकदां कळला कीं धाकट्यांचीं तोंडें मिटतात, हें तो जाणून असतो. राष्ट्राच्या निवडणुकीसही हाच न्याय लागू आहे.

न्यूयॉर्कला रात्रीचे आठ वाजतात तेव्हां कॅलिफोर्नियांत सायंकाळचे पांचच झालेले असतात. ४ नोव्हेंबर १९८० रोजीं अमेरिकेंत अध्यक्षाची निवडणूक होती. पूर्वेकडील घड्याळांत सव्वाआठ वाजतांच एका दूरचित्रवाणी कंपनीनें रीगन विजयी झाल्याचें जाहीर केलें. मत देऊन बाहेर पडलेल्यांस विचारून तिनें हा अंदाज बांधला होता. पुढें दहा वाजण्यापूर्वींच अध्यक्ष कार्टर यांनीं पराभव मान्य केला. त्या वेळीं कॅलिफोर्नियांत सातही वाजले नव्हते, आणि मतदान तर आठपर्यंत चालावयाचें होतें!

आतां मत देऊन काय उपयोग, असें तेथील मतदारास वाटलें तर नवल नाहीं. परंतु त्याच दिवशीं कायदेमंडळाचे प्रतिनिधीही निवडावयाचे होते. कॅलिफोर्नियांतील जेम्स कॉर्मन हे वीस वर्षांचे जुने प्रतिनिधि हजाराहूनही कमी मतांनीं पडले. अनेकांनीं याचें खापर त्या घाईच्या वार्तेवर फोडलें. किती मतदार घरीं राहिले याविषयीं अभ्यासकांचें एकमत नाहीं. न दिलेलें मत मोजावें तरी कसें?

वार्ता खरी होती, हें समर्थन येथें अपुरें पडतें. खरी गोष्टही अवेळीं सांगितली तर अन्याय करते. पूर्वेकडच्या मतदारानें निकाल न जाणतां मत दिलें. पश्चिमेकडच्यास तो अधिकार उरला नाहीं.

आपल्याकडे या बाबतींत अधिक संयम आहे. २०२४ सालीं नागपूरकरांनीं १९ एप्रिलला मत दिलें, शेवटचा टप्पा १ जूनला झाला, आणि मतमोजणी ४ जूनला. मतदानोत्तर अंदाजांसही शेवटचें मतदान संपून अर्धा तास होईपर्यंत कायद्यानें बंदी आहे. ती मोडणारास दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते.

दीड महिना वाट पाहणें जिवावर येतें खरें. पण पंगतींत शेवटचें पान वाढून होईपर्यंत आपण हात आवरतोंच ना? मतदानाच्या पंगतींतही शेवटच्या माणसाचा तेवढाच मान आहे.