सांगलीचे सूर

उंब्रजजवळ तारळी नदी कृष्णेस मिळते. तेथून कृष्णा कराडास जाते, कोयनेला भेटते आणि पुढे सांगलीच्या घाटावरून वाहत जाते. या सांगलीत मास्टर दीनानाथ मंगेशकर हे थोर गायकनट राहत असत. त्यांच्या थोरल्या कन्येचे, लतेचे, बालपण येथे गेले. तिच्याहून चार वर्षांनी लहान असलेल्या आशेचा जन्म १९३३ साली सांगलीसच झाला.

१९४२ साली दीनानाथ निवर्तले. तेव्हा लता बारा वर्षांची होती आणि आशा अवघी आठ वर्षांची. खेळण्याबागडण्याच्या वयात लतेवर घर सांभाळण्याची जबाबदारी येऊन पडली. पुढच्याच वर्षी 'माझं बाळ' या चित्रपटासाठी आशेनेही गाणे म्हटले. वडिलांनी दिलेले सूर हेच या मुलींचे धन होते.

पुढे लता मंगेशकर व आशा भोसले ही नावे सर्वतोमुखी झाली. तेव्हा दोघींत अधिक लोकप्रिय कोण, असा प्रश्न लोक विचारू लागले. पण लोकप्रियता मोजावयाची कशी? गाण्यांची संख्या मोजावी, तर तिथेही घोटाळा होतो. १९७४ साली गिनीज पुस्तकात लताबाईंच्या नावावर पंचवीस हजार गाणी नोंदली गेली. महंमद रफी यांनी त्या नोंदीस हरकत घेतली आणि कालांतराने ती काढून टाकण्यात आली. २०११ साली त्याच पुस्तकाने आशाबाईंच्या अकरा हजार गाण्यांची नोंद केली. यावरून आकडा नीट पारखूनच स्वीकारावा, हे ध्यानात येते.

कीर्ती कोणत्या वाटेने गेली, हे पाहणे अधिक उद्बोधक आहे. परदेशी गेलेल्या भारतीयांनी लताबाईंच्या ध्वनिमुद्रिका जिवापाड जपल्या. १९७४ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांचे गायन झाले. आशाबाईंचा स्वर याच वाटेने गेला. शिवाय त्याला आणखी एक वाट सापडली. त्यांनी भावगीते, लावण्या, गझला आणि पाश्चात्त्य ठेक्यावरची गाणी सारख्याच सहजतेने म्हटली. त्यामुळे निराळ्या परंपरेतील संगीतकारांनाही तो स्वर जवळचा वाटला. कॉर्नरशॉप या इंग्लंडमधील वाद्यवृंदाने त्यांच्यावरच एक गीत रचले. १९९८ साली ते तेथील विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. २००५ साली क्रोनॉस क्वार्टेट या अमेरिकन तंतुवादकांच्या साथीने आशाबाईंनी राहुलदेव बर्मन यांची गाणी पुन्हा गायिली. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीपलीकडे होते!

एकीचा स्वर घर सोडून दूर गेलेल्यांना घराची आठवण देत राहिला. दुसरीच्या स्वराने परक्यांशीही मैत्री जोडली. दोहोंच्या मुळाशी मात्र एकच गोष्ट होती. ती म्हणजे लहानपणी घरात ऐकलेले सूर आणि संकटातही न सोडलेला रियाज. म्हणून या दोघींत श्रेष्ठ कोण, हे ठरविण्यापेक्षा दोघी एवढ्या दूर कशा पोहोचल्या, हे जाणून घेणेच अधिक लाभाचे होय.