सातवीनंतर सुटलेलं मैदान

कर्जत-खालापूरच्या ठाकूरवाड्यांतल्या, कातकरवाड्यांतल्या मुली पाचवी-सहावीपर्यंत धावण्यात मुलांच्या बरोबरीनं असतात, कधी पुढेही. डोक्यावर हंडा नाहीतर मोळी घेऊन चढण चढणाऱ्या पोरींचा दम आहे तो. आठवी-नववीत मात्र स्पर्धांच्या यादीतून त्यांची नावं गळू लागतात. गेली तीस-चाळीस वर्षं या गळतीला एकच उत्तर मिळत आलं: पोर मोठी झाली, आता अंग जड होणारच. त्यात शरीरशास्त्र थोडं आहे, हात झटकणं पुष्कळ.

शरीरशास्त्र आधी पाहू. साधारण बाराव्या वर्षापर्यंत मुलामुलींच्या धावण्यात फारसा फरक नसतो. मग मुलांमध्ये टेस्टोस्टेरॉन झपाट्यानं वाढतं, स्नायू भरतात, रक्तातलं हिमोग्लोबिन चढतं आणि शेवटी धावण्यात दहा-बारा टक्क्यांचं अंतर पडतं, उड्यांमध्ये त्याहून जास्त. मुलींमध्ये इस्ट्रोजेनमुळे उंचीची वाढ आधी होते, कंबरेचं हाड रुंदावतं, चरबी वाढते. उंची सर्वात वेगानं वाढून गेल्यावर साधारण वर्षभरात पाळी येते. या काळात वेळ सुधारत नाही, क्वचित घसरतेही, कारण पाय लांब झालेले असतात आणि त्यांना पेलणारी ताकद अजून यायची असते. ती सरावानं येते. गुडघा जपायचा, उडी मारून नीट उतरायला शिकवायचं, ते याच वयात. नेमकं तेव्हाच आपण पोरींना मैदानाबाहेर बसवलं.

मार्शल आणि टॅनर यांनी मुलींच्या वयात येण्याचे टप्पे 1969 मध्ये मांडले. एकाच वर्गातल्या दोन मुली या वाटेवर दोन-तीन वर्षांच्या अंतरानं चालत असू शकतात, हे तेव्हापासून माहीत आहे. आपले वयोगट तरीही जन्मतारखेवर ठरतात. तेराव्या वर्षी मागे पडलेली मुलगी कायमची मागे पडली, असं समजायला काहीच आधार नाही. नाशिकच्या आदिवासी भागातल्या कविता राऊतनं 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य जिंकलं, तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती. माणदेशातली ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली, सत्ताविसाव्या वर्षी. दोघींच्याही शरीरात ते सगळे बदल होऊन कितीतरी वर्षं लोटली होती.

मला जास्त सलतं ते लोहाचं. बारा वर्षांवरच्या मुलीचं हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली गेलं की तो रक्तक्षय. पाळीत रक्त जातं, वाढत्या अंगालाही लोह हवं असतं, आणि ताटात भात-मिठाच्या जोडीला फार काही नसतं. मग चढणीवर धाप लागते आणि दोष वयाला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींमध्ये रक्तक्षयाचं प्रमाण 2015-16 ला 54 टक्के होतं, 2019-21 ला ते 59 झालं. आठवड्याला एक लोहाची गोळी देण्याची योजना या दोन्ही पाहण्यांच्या आधीपासून चालू होती. 2018 मध्ये महाराष्ट्रात अस्मिता योजना आली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. चांगलंच झालं. पण पॅड बदलायला पाण्याचं, कडी लागणारं शौचालय नसेल तर पाळीच्या दिवसांत मुलगी शाळेतच येत नाही, मैदान दूरच.

लोहाची गोळीही मिळते ती शाळेत किंवा अंगणवाडीत. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. बारा-तेरा वर्षांची मुलगी बहुतेक वेळा बरोबरच असते, धाकटी भावंडं सांभाळायला किंवा विटा वाहायला. हिवाळ्यात शाळांच्या स्पर्धा भरतात तेव्हा ती भट्टीवर असते. तिची वेळ कुणी घेतलेली नसते, हिमोग्लोबिनही तपासलेलं नसतं, आणि गावी परतल्यावर पुन्हा वर्गात बसेलच याची खात्री नसते.