पवनचक्क्या आणि पाहुणे पक्षी

थंडी पडू लागली, की मध्य आशियाकडून भोवत्या हा शिकारी पक्षी दख्खनच्या माळरानांवर उतरतो. अशाच उघड्या, वाऱ्याच्या पठारांवर आज पवनचक्क्या उभ्या आहेत. पात्यांच्या आघाताने पक्षी मरतात, हे आपण ऐकले असेल. परंतु जे जागाच सोडून जातात, त्यांची मोजदाद सहसा होत नाही.

संकेश्वराहून महामार्गाने उत्तरेस गेले, की सातारा लागतो. त्याजवळील चाळकेवाडीच्या पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी ती केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी आढळले. भक्षकाचे भय ओसरल्याने सरडे वाढले. पण दाटीमुळे अन्न अपुरे पडून ते रोडावले.

वाऱ्याची स्वच्छ वीज आपणांस हवीच. नॉर्वेतील स्मोला बेटावर चक्कीचे एक पाते काळे रंगविल्यावर पक्ष्यांचे मृत्यू सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले. रंगाने मरण टळेल. पण पठार सोडून गेलेला पक्षी त्याने परतेल काय? म्हणून आधी पक्ष्यांच्या वाटा पाहाव्यात, मगच चक्कीचा पाया खणावा.