गाडी निवडताना आधी आपला रस्ता पाहावा

दसरा जवळ आला की कचेरीत आणि नातेवाइकांत एक प्रश्न हमखास कानी येतो : ‘‘गाडी घ्यायची आहे, कुठली घेऊ?’’ लहानपणापासून गाड्यांचे वेड असल्यामुळे माझ्यापाशी उत्तर तयार असेल, असा लोकांचा समज असतो. प्रत्यक्षात मी उलट चार प्रश्न विचारतो. रोज किती किलोमीटर जाणार? गाडी रात्री कुठे उभी राहणार? मागच्या आसनावर नेहमी कोण बसणार? आणि ती किती वर्षे ठेवणार? या प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे दिली, तर यादीतल्या निम्म्या गाड्या आपोआप गळून पडतात.

हे शहाणपण मला फुकट मिळालेले नाही. काही वर्षांपूर्वी मी हौसेने डिझेल गाडी घेतली. चोर्ला घाटात चढावर ती ज्या सहजतेने ओढत असे, त्याचा मोह पडला होता. परंतु घाटात जाणे वर्षातून तीन-चार वेळा. रोजचा प्रवास पर्वरी ते पणजी, म्हणजे मांडवीचा पूल ओलांडून सहा-सात किलोमीटरचा. वर्षभरातच समोरच्या फलकावर एक सूचनादिवा वारंवार पेटू लागला. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणविषयक निकष लागू झाले. त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. तिला ‘डीपीएफ’ म्हणतात. साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाळणीचे तापमान साधारण सहाशे अंश सेल्सिअसपर्यंत चढावे लागते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगाने धावावी लागते. इंजिन पुरते तापण्याआधीच कचेरी येत असेल, तर गाळणी तुंबणारच. अखेर ती गाडी मी तोटा सोसून विकली. दोष गाडीचा नव्हता, निवड माझी चुकली होती.

डिझेलचा मोह बहुधा इंधनखर्चामुळे पडतो. म्हणून एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, पेट्रोल ९६ रुपये व डिझेल ८८ रुपये लिटर आहे. पेट्रोल गाडी लिटरला १६ आणि डिझेल गाडी २० किलोमीटर धावते. आणि डिझेल गाडीची किंमत १ लाख २० हजार रुपयांनी अधिक आहे. दर किलोमीटरला पेट्रोलचा खर्च ६ रुपये, डिझेलचा ४ रुपये ४० पैसे. म्हणजे बचत १ रुपया ६० पैसे. अधिकची किंमत भरून निघण्यास ७५ हजार किलोमीटर धावावे लागेल. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्या व्यावसायिकाला हे तीन वर्षांहून थोड्या अधिक काळात साधते. महिन्याला पाचशे किलोमीटर फिरणाऱ्या नोकरदाराला साडेबारा वर्षे लागतात. आकडे आपापले घालावेत, पण शोरूमची पायरी चढण्यापूर्वी हा कागद खिशात असावा.

हाच निकष विजेवरील गाडीलाही लावावा. गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर दीडशे किलोमीटरच्या आत आहे. त्यामुळे गाडी वाटेत थांबेल ही भीती इथे बरीच कमी. खरा प्रश्न रात्रीच्या जागेचा. अंगणात स्वतःची वीजजोडणी असेल, तर रोजच्या छोट्या फेऱ्यांसाठी अशी गाडी फार सोयीची. मात्र इमारतीत राहणाऱ्यांनी वाहनतळावर चार्जर बसवण्यास सोसायटीची संमती आधी घ्यावी, मग आगाऊ रक्कम भरावी.

आपल्याकडे बहुसंख्य छोट्या गाड्या चार मीटरच्या आत का असतात, याचे उत्तर करात आहे. २००६ पासून या लांबीच्या आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनांच्या गाड्यांना सवलत मिळत आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के, तर त्यांहून मोठ्या पेट्रोल-डिझेल गाड्यांवर ४० टक्के जीएसटी लागतो. वाड्यावरच्या अरुंद रस्त्यावर समोरून बस आली की या आखूडपणाचे मोल कळते. चवथीला माटोळीचे सामान आणि चार माणसे एकदम न्यायची असतात, तेव्हा डिकीची अडचणही कळते. पण चवथ वर्षातून एकदा येते. त्या दिवसापुरती मोठी गाडी भाड्याने घेता येते.

गोव्यात गाडीचा खरा शत्रू म्हणजे ओल आणि खारी हवा. पावसाळ्यात पाणी आणि तांबडी माती गाडीच्या पोटाखाली, सांध्यांत शिरते. मिठाच्या सान्निध्यात तिथला लोखंडी पत्रा वेगाने गंजतो. किनाऱ्यावर जाऊन आल्यावर आणि पावसाळा सरल्यावर गाडी खालून साध्या पाण्याने स्वच्छ धुवावी. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक छिद्रे असतात, ती काडीने मोकळी ठेवावीत. पावसात ओल्या गाडीवर प्लास्टिकचे आच्छादन घालू नये, आत ओल कोंडते. गंज धरलेल्या पत्र्यावर तसाच संरक्षक लेप चढवला तर गंज आतल्या आत वाढत राहतो. तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. इंजिनात पाणी शिरलेले असेल तर आतले भाग वाकतात, आणि इंजिनासाठीचे जादा संरक्षण घेतलेले नसेल तर ही नुकसानभरपाई विमा कंपनी बहुधा नाकारते.

सुरक्षिततेकडे आता ग्राहकाचे लक्ष जाऊ लागले आहे, ही समाधानाची बाब. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातील पाच लोकप्रिय गाड्यांची धडक चाचणी घेतली, तेव्हा प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी त्यांपैकी एकीलाही तारा मिळाला नव्हता. २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनने पाच तारे मिळवले आणि चित्र पालटू लागले. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही आपली स्वतःची मूल्यांकन योजना सुरू झाली. तरी तारे मोजून थांबू नये. ओल्या वळणावर गाडी घसरू लागताच प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे आवरणारी ‘ईएससी’ यंत्रणा आपण घेत असलेल्या प्रकारात आहे का, हे विचारावे. मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा, नाहीतर धडकेत मागची व्यक्ती पुढच्यावर आदळते. सनरूफसाठी पैसे मोजण्यापूर्वी टायर पाहावेत. टायरच्या कडेवर चार अंक असतात. पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात.

पहिल्या गाडीसाठी वापरलेली गाडी घेणे मला गैर वाटत नाही. शिकाऊ हाताला ती मानवते. मात्र गोव्यात एक सावधगिरी हवी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेल्या भाड्याच्या गाड्या पुढे खाजगी नोंदणीत येतात आणि बाजारात उतरतात. दर आठवड्याला नवा चालक पाहिलेल्या अशा गाडीचा क्लच आणि गिअरबॉक्स जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्यावा आणि नोंदणीचा पूर्वेतिहास पाहावा. गाडी पुरात बुडाली होती का हे ओळखण्यासाठी आसनाचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढावा. आतल्या टोकाला चिखलाची रेघ दिसली, तर तिथूनच परतावे. डिकीतील जादा चाक उचलून खालचा पत्राही पाहावा.

माझ्या सध्याच्या साध्या पेट्रोल गाडीला आता सहावे वर्ष लागले आहे. जाणकार मित्र तिच्याकडे पाहून नाक मुरडतात. परंतु तिचे हप्ते संपले आहेत, दुरुस्तीची वही डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे, आणि जुलैच्या मुसळधार पावसात रात्रपाळी संपवून मांडवीच्या पुलावरून घरी परतताना ती दगा देईल अशी शंका मनात येत नाही. यंदा दसऱ्याला झेंडूचा हार तिलाच.