तिजोरी फुटते, पाटे तुटतात

१९६९ च्या ‘द इटालियन जॉब’मध्ये मायकेल केनची टोळी ट्युरिन शहरात भरदिवसा ४० लाख डॉलरचं सोनं पळवते. सिग्नल चालवणाऱ्या कॉम्प्युटरची टेप बदलायची, अख्खं शहर वाहतूक कोंडीत अडकवायचं, सोन्याची गाडी फोडायची आणि माल लाल, पांढऱ्या आणि निळ्या अशा तीन मिनी कूपरमध्ये भरून पसार व्हायचं, असा बेत. मग त्या इवल्या गाड्या जिने उतरतात, कमानींखालून सुसाट सुटतात, छपरावरून छपरावर उड्या मारतात आणि सांडपाण्याच्या बोगद्यातून निघून जातात. पन्नासहून जास्त वर्षं झाली तरी हा पाठलाग बघताना कंटाळा येत नाही. फक्त शेजारी कॅल्क्युलेटर ठेवू नये.

कारण त्या काळी सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलर होता. ४० लाख भागिले ३५, म्हणजे १ लाख १४ हजार औंसांच्या वर. सोन्याचा औंस ३१.१ ग्रॅमचा. म्हणजे चोरलेलं सोनं भरलं ३,५५५ किलो. तीन गाड्यांत सारखं वाटलं तर प्रत्येकीच्या वाट्याला १,१८५ किलो. आणि त्या जमान्यातल्या मिनीचं स्वतःचं वजन? साधारण साडेसहाशे किलो. गाडीने आपल्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट माल मागच्या बाजूला घेतला आहे, वर ड्रायव्हर आणि साथीदार बसले आहेत, आणि ती उडी मारते आहे! मिनीला इंजिनाची ओढ पुढच्या चाकांना. मागे बाराशे किलो ठेवले की पुढचं नाक वर उचलणार, पुढची चाकं रस्ता सोडणार, मग गाडी वळणारही नाही आणि ओढणारही नाही. छपरापर्यंत जायची गरजच नाही, पहिल्याच जिन्यावर कथा संपते.

गंमत अशी की हे डोळ्यांना अजिबात खटकत नाही. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड असतं. ते सगळं साडेतीन टन सोनं वितळवून ओतलं तर भरेल १८४ लिटर. दोनशे लिटरच्या पिंपात मावून वर जागा उरेल. तीन मिनींमध्ये ते आरामात मावतं, आणि मावतं म्हणजे झेपतं, असं आपण गृहीत धरतो. चोरीचे सिनेमे गेली कित्येक दशकं या एकाच गैरसमजावर चालले आहेत. लेझरचे किरण, बोटांचे ठसे, पहारेकरी, कॅमेरे या सगळ्यांना पटकथेत जागा असते. गुरुत्वाकर्षणाला नसते.

‘इटालियन जॉब’च्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. शेवटच्या प्रसंगात त्याच सोन्याच्या वजनाने सगळ्यांना फास बसतो. मिनींमधून सोनं जिच्यात चढवलं ती बस कड्याच्या टोकावर अर्धी लटकलेली, सोनं घसरत मागच्या टोकाला गेलेलं, टोळी पुढच्या टोकाला. कोणी एक पाऊल मागे टाकलं की सोनं आणखी घसरतं. सिनेमा तिथेच संपतो. २००८ मध्ये ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने यातून सोन्यासकट सुटायचा उपाय सांगा म्हणून चक्क स्पर्धा ठेवली होती. २००३ मध्ये याच नावाचा नवा सिनेमा आला, त्यात सोनं साडेतीन कोटी डॉलरचं. त्या वेळचा भाव औंसाला साडेतीनशेच्या आसपास. हिशेब करा, पुन्हा तीन टनांच्या वर, आणि पुन्हा तीनच मिनी. या सिनेमात सोनं तीनपैकी कोणत्या ट्रकमध्ये आहे, हे ट्रक किती दबला आहे त्यावरून ओळखतात. ट्रक दबतो, मिनी दबत नाही. असो.

जेम्स बाँडने मात्र हा हिशेब सिनेमात उघडपणे मांडला आहे. १९६४ च्या ‘गोल्डफिंगर’मध्ये तो खलनायकाला सांगतो, की १५ अब्ज डॉलरचं सोनं १०,५०० टन भरेल, साठ माणसांना ते दोनशे ट्रकांत चढवायला बारा दिवस लागतील, आणि तुझ्या हातात आहेत दोन तास. चोराला पाटी-पेन्सिल घेऊन गणित शिकवणारा नायक विरळाच. पण बाँडचंही गणित थोडं कच्चं आहे. ३५ डॉलरच्या भावाने १५ अब्जांचं सोनं तेरा हजार टनांच्या वर जातं. आणि त्याचेच आकडे घेतले तरी ट्रकामागे ५२ टन पडतात, जे १९६४ मधला कुठला ट्रक उचलणार होता कोण जाणे. हमालांचंही बघा. साठ जणांत बारा दिवस वाटले तर माणशी रोज साडेचौदा टन. बँकांमधली मोठी वीट १२.४ किलोची असते. आठ तासांच्या पाळीत दर पंचवीस सेकंदांना एक वीट उचलायची, बारा दिवस, एकही सुट्टी नाही. माथाडी कामगारांनी असल्या कामाला पहिल्याच दिवशी हरकत घेतली असती.

ही वीट हातात घेतल्यावर काय होतं, ते न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेत कळतं. मॅनहॅटनच्या रस्त्याखाली ऐंशी फुटांवर, खडकावर टेकलेलं तिचं तळघर आहे. २०२४ मध्ये तिथे सुमारे ५ लाख ७ हजार विटा होत्या, वजन ६,३३१ टन. तिथे विटा हलवणारे कामगार बुटांवर मॅग्नेशियमची कवचं चढवतात. बारा किलोचं, हाताच्या पंजात मावणारं धातूचं ढेकूळ पायावर पडलं तर बोटं राहणार नाहीत, म्हणून. याच तळघरावर १९९५ च्या ‘डाय हार्ड विथ अ व्हेंजन्स’मध्ये डल्ला मारला जातो. १४० अब्ज डॉलरचं सोनं डंपरमध्ये भरून नेतात. तेव्हाच्या भावाने ते अकरा हजार टनांच्या पुढे जातं. एका डंपरमध्ये वीस-पंचवीस टन घातले तर साडेचारशेहून जास्त फेऱ्या. ब्रूस विलिसची गरजच नव्हती. पोलिसांनी दुपारी जेवून यायचं, पहिला डंपर भरून होत असतानाच पकडायचं.

सोनं सोडा, नोटा घेऊ. डॉलरची कोणतीही नोट एक ग्रॅमची, इतका सोपा हिशेब दुसरा नाही. शंभराच्या नोटांत दहा लाख डॉलर म्हणजे दहा किलो. ‘ओशन्स इलेव्हन’मध्ये लास व्हेगासच्या तिजोरीतून सोळा कोटी डॉलर जातात, म्हणजे १,६०० किलो. अकरा जणांत वाटले तर माणशी १४५ किलो. त्यानंतरही टोळी निवांत कारंज्याजवळ उभी राहते, कुणाच्या कंबरेत जराही चमक नाही. ‘फास्ट फाइव्ह’मध्ये दहा कोटी डॉलर, म्हणजे एक टन नोटा, तिजोरीसकट दोन मोटारी ओढून नेतात. तिजोरी आठ टनांची धरली तर रस्त्यावरून तिला फरफटवायला चारेक टनांची ओढ हवी. दोन मोटारींच्या मागच्या चाकांची पकड मिळून दोन टनांच्या आसपास जेमतेम पोचेल. चाकांचा धूर होईल, तिजोरी हलणार नाही. चित्रीकरणात काही दृश्यांसाठी तिजोरीच्या पोकळ सांगाड्याच्या आतच एक स्टंट ड्रायव्हर गाडी चालवत होता. ‘मनी हाइस्ट’चा प्रोफेसर २४० कोटी युरो छापायला निघतो आणि ९८ कोटी ४० लाखांवर समाधान मानतो. पन्नास युरोच्या नोटा धरल्या तर तेवढ्याही जवळपास दोन कोटी नोटा होतात, अंदाजे अठरा टन.

आपल्याकडचं कोष्टक वेगळं. मुंबईच्या बोलीत लाखाला पेटी आणि कोटीला खोका म्हणतात. पाचशेच्या नोटांचा एक खोका म्हणजे वीस हजार नोटा, दोनशे गड्ड्या, वजन वीस किलोंच्या वर. २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर गाजलेल्या घोषणेतले पन्नास खोके कुणी घेतले की नाही, हा राजकारणाचा वाद बाजूला ठेवू. वजन मात्र टनाच्या वर जातं, आणि छोटा हत्ती टेम्पोलाही ते एका फेरीत झेपत नाही.

पण हे सगळं खरोखर झेपवणारी माणसं होऊन गेली आहेत. ब्राझीलमधल्या फोर्तालेझा शहरात एका टोळीने कृत्रिम आणि खरी हिरवळ विकण्याचं दुकान थाटलं. शेजारी बघत होते, रोज व्हॅन भरून माती बाहेर जाते. हिरवळीच्या धंद्यात माती असायचीच, कोणाला शंका आली नाही. प्रत्यक्षात तीन महिने जमिनीखाली चार मीटरवर बोगदा खणला जात होता. लांबी ७८ मीटर, उंची-रुंदी जेमतेम सत्तर सेंटिमीटर, आत दिवे, हवा थंड करायची सोय, बाजूंना लाकडी फळ्या. एवढ्या भोकाची माती निघते अंदाजे अडतीस घनमीटर, म्हणजे साठेक टन. २००५ च्या ऑगस्टमधल्या पहिल्या शनिवार-रविवारी त्यांनी मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीची लोखंडी सळ्या घातलेली, मीटरहून जाड काँक्रीटची जमीन फोडली आणि १६ कोटी ४७ लाख रेआल बाहेर काढले. सगळ्या पन्नासच्या नोटा, क्रमांकांची नोंद नसलेल्या. म्हणजे जवळपास तेहेतीस लाख नोटा, वजन साडेतीन टन.

आता त्या भोकात जरा शिरून बघा. सत्तर सेंटिमीटर म्हणजे उभं राहणं सोडाच, धड बसताही येत नाही. ढोपरांवर रांगत वीस किलोचं गाठोडं ओढायचं. अशी १७५ गाठोडी. एका दिशेने साडेतेरा किलोमीटर रांगणं, जाऊन-येऊन सत्तावीस. सोमवारी बँक उघडायच्या आत. माझ्या मते चोरीच्या इतिहासातला हा सगळ्यात कष्टाळू पराक्रम आहे, आणि तो कष्टांसाठीच बघावा. पुढे मात्र वजनाने सूड उगवला. एवढ्या नोटा लपवायच्या कुठे? एकाने लगेच रोखीने बऱ्याच गाड्या एकदम विकत घेतल्या आणि माग लागला. टोळीतल्या लोकांचीच अपहरणं सुरू झाली, काहींचे खून पडले. पैशांचा थोडाच भाग परत मिळाला.

लंडनमध्ये उलट घडलं. २६ नोव्हेंबर १९८३ च्या सकाळी सहा दरोडेखोर हीथ्रो विमानतळाजवळच्या ब्रिंक्स-मॅटच्या गोदामात शिरले ते तीसेक लाख पौंडांची रोकड मिळेल या आशेने. समोर निघाल्या सोन्याच्या ६,८०० लहान विटा, तीन टन, किंमत २ कोटी ६० लाख पौंड. घबाड मिळालं की चोर नाचतो, असं आपल्याला वाटतं. इथे माणशी पाचशे किलो उचलून व्हॅनमध्ये भरणं आधी करावं लागलं. विकणं त्याहून कठीण, कारण सहा हजारांवर विटा सराफाकडे घेऊन जाता येत नाहीत. वितळवायला माणसं हवीत, तोंडं वाढली, तशा अटका वाढल्या. बरंचसं सोनं मात्र अजूनही सापडलेलं नाही.

हलकं हवं असेल तर हिरे. २००३ च्या फेब्रुवारीत बेल्जियमच्या अँटवर्पमध्ये इटालियन टोळीने हिरे-व्यापाऱ्यांचं तळघर फोडलं. टोळीचा म्होरक्या त्याच ट्युरिनचा. माल दहा कोटी डॉलरहून जास्त. कॅरेटला हजार डॉलर धरले तर दहा कोटींचे हिरे वीस किलोंत बसतात, विमानात चेक-इन होईल एवढेच. पकडले गेले कशामुळे? महामार्गालगतच्या जंगलात टाकलेल्या कचऱ्यामुळे. त्यात अर्धवट खाल्लेलं सलामी सँडविच होतं, आणि त्यावर डीएनए.

आणि आपल्या मुंबईत? १९ मार्च १९८७. मोन सिंग असं नाव सांगणाऱ्या माणसाने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, ताज हॉटेलात मुलाखती घेऊन २६ तरुण सीबीआयच्या नोकरीसाठी म्हणून निवडले आणि ऑपेरा हाउसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरींच्या पेढीवर खोटा छापा घातला. निवडक दागिने ‘नमुने’ म्हणून सीलबंद केले, तरुणांना दुकानात थांबायला सांगितलं आणि तो निघून गेला. ‘स्पेशल २६’ यावरूनच. ऐवज तीस-पस्तीस लाखांचा असल्याच्या बातम्या होत्या. त्या वर्षी दहा ग्रॅमचा भाव अडीच हजारांच्या आसपास होता, म्हणजे सगळा माल सोन्याचाच मानला तरी बारा ते चौदा किलो. बँकेची एक वीट फार तर. बोगदा नाही, डंपर नाही, मिनी नाही. तो माणूस आजतागायत सापडलेला नाही.

तेव्हा पुढचा चोरीचा सिनेमा लावाल, तेव्हा एवढं करा. रक्कम डॉलरमध्ये सांगितली, नोटा शंभराच्या असल्या, की आकड्यातली शेवटची पाच शून्यं पुसून टाका. उरेल तेवढे किलो. मग हिरो खांद्यावर बॅगा टाकून पळायला लागला की त्याच्याकडे नाही, त्याच्या गुडघ्यांकडे बघा.